विजेच्या मोटारीची ‘टकटक’ : बैहरच्या थंडीत काय ऐकावे, काय तपासावे

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, सातपुड्याच्या मैकल रांगेच्या कुशीत, बैहर हे तालुक्याचे गाव वसले आहे. इंग्रजी अमदानीत हा जिल्हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. आजही गोंदियाकडून बालाघाटात शिरताना भाषेची सीमा नेमकी कोठे ओलांडली हे चटकन उमगत नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे निघालेले नागपूर-गोंदियाकडचे पर्यटक बहुधा याच गावावरून पुढे जातात. पूर्वी ही वाट पेट्रोल-डिझेलच्या मोटारींचीच होती. आता विजेवर चालणाऱ्या मोटारीही लांबच्या प्रवासाला निघू लागल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत एक नवी शंकाही प्रवास करू लागली आहे : सुरू करण्याचे बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, तर तो कसला?

शंका रास्त आहे. विजेच्या मोटारीत इंजिन नाही, स्टार्टर नाही, गिअरांची खडखड नाही. ज्या यंत्राकडून आपण निःशब्दतेची अपेक्षा करतो, त्यातून आलेला लहानसा आवाजही कानात भरतो. पेट्रोलच्या गाडीतही असे बारीकसारीक आवाज होतच असतात. इंजिनाच्या गलबल्यात ते विरून जातात एवढेच. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निरोगी विजेची मोटार सुरू होताना ‘टक्’ करतेच. तो आवाज कुठून येतो हे कळले, की बिघाडाचा आवाज वेगळा ओळखता येतो.

गाडीच्या पोटाशी बसवलेली मुख्य बॅटरी साधारण तीनशे ते चारशे व्होल्टची असते. काही नव्या गाड्यांत त्याच्या दुप्पट. एवढ्या दाबाची वीज गाडी उभी असताना तारांतून खेळत ठेवणे धोक्याचे. त्यामुळे गाडी बंद केली की बॅटरी दोन्ही टोकांनी उरलेल्या गाडीपासून तोडली जाते. हे तोडण्या-जोडण्याचे काम करणाऱ्या जाडजूड विद्युतचुंबकीय खटक्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. घरातल्या इन्व्हर्टरमधला रिले आणि हा कॉन्टॅक्टर यांचे तत्त्व एकच : लहान तारेच्या वेटोळ्यातून थोडी वीज सोडली की चुंबक तयार होतो, तो आतली पट्टी ओढून घेतो, आणि मोठ्या विजेचा मार्ग जुळतो. पट्टी बसली की ‘टक्’. फरक आहे तो जबाबदारीचा. एकदिश वीज तोडताना ठिणगी सहजासहजी विझत नाही, कारण घरातल्या विजेप्रमाणे ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही. म्हणून या खटक्यांची पेटी हवाबंद असते, आत विशिष्ट वायू भरलेला असतो, आणि ठिणगी ताणून तोडण्यासाठी बाजूला चुंबक लावलेले असतात.

बटण दाबल्यावर घडते ते असे. प्रथम गाडीतील नियंत्रक जागे होतात आणि केबलींचे सगळे सांधे जागेवर आहेत का, वीज कुठे गाडीच्या सांगाड्यात झिरपत तर नाही ना, हे तपासतात. मग ऋण बाजूचा कॉन्टॅक्टर बसतो : पहिली ‘टक्’. धन बाजूचा मात्र लगेच बसवत नाहीत. मोटारीला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी एकदम जोडली, तर क्षणभर प्रचंड प्रवाह धावेल आणि खटक्याची टोके वितळून एकमेकांना चिकटतील. म्हणून आधी एका लहान रिलेमार्फत, मध्ये रोधक ठेवून, कपॅसिटर हळूहळू भरू दिले जातात. हे ‘हळूहळू’ म्हणजे सेकंदाचा काही अंश. दाब जवळजवळ समान झाला, की धन बाजूचा मुख्य कॉन्टॅक्टर बसतो आणि लहान रिले बाजूला होतो. ऐकणाऱ्याला यातून दोन किंवा तीन टक् ऐकू येतात, आणि समोरच्या फलकावर ‘रेडी’ हा दिवा उजळतो. गाडी बंद करताना, आणि चार्जिंगची नळी जोडताना-काढतानाही, हाच खेळ होतो. हा आवाज प्रकृतीचा. त्यावर उपचार नाही, आणि तो बंद करण्याच्या भानगडीत पडूही नये.

आता विकृतीचा आवाज. तो बहुतेक वेळा असा असतो : बटण दाबताच ‘टक्-टक्-टक्-टक्’ अशी घाईघाईची माळ, फलकावरील दिवे मिणमिणतात, पडदा उजळतो आणि पुन्हा विझतो, भलतेसलते इशारे एकदम झळकतात; ‘रेडी’ मात्र लागत नाही. मालक मुख्य बॅटरीकडे बोट दाखवतो, आणि तिथेच फसतो. तिच्यात सत्तर टक्के चार्ज असला तरी गाडी हलत नाही, कारण दोषी दुसरीच असते : बॉनेटखाली किंवा डिकीत कोपऱ्यात बसलेली बारा व्होल्टची साधी बॅटरी.

दोघींच्या आकारमानातील तफावत पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची मुख्य बॅटरी ३०.२ युनिट विजेची होती. बारा व्होल्टची बॅटरी ४० अँपिअर-तासांची धरली, तर तिच्यात जेमतेम अर्धा युनिट मावतो, म्हणजे साठावा हिस्सा. पण वाड्याच्या किल्ल्या या धाकटीच्या कनवटीला असतात. कॉन्टॅक्टर ओढणारे चुंबक, दारांची कुलपे, दिवे, सारे नियंत्रक तिच्या विजेवर चालतात. मुख्य बॅटरी तोडलेली असल्यामुळे ती स्वतःहून काहीच करू शकत नाही. तिला जोडून घेणारा हात बारा व्होल्टचा. ती अशक्त असली की काय होते? नियंत्रक कॉन्टॅक्टरला वीज देतो, पट्टी ओढली जाते, त्या ओढीनेच बॅटरीचा दाब खाली कोसळतो, पट्टी सुटते. भार हलका होताच दाब सावरतो, पट्टी पुन्हा ओढली जाते. टकटकीची माळ ती हीच. आणि बॅटरी पुरती संपली असेल तर टक्‌सुद्धा होत नाही. रिमोटने दारही उघडत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या मोटारींना मागणी होती त्याचे एक कारण हे, की पेट्रोलच्या गाडीचे इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे. त्यात मनगटे मोडत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आपल्या गाडीत बसवला आणि ती कटकट संपली. बॅटरीवर चालणाऱ्या त्या लहानशा यंत्राने विजेच्या मोटारींना बाजारातून हुसकावण्यास मोठा हातभार लावला. शंभर वर्षांनी त्या परतल्या, तर त्यांना सुरू करण्याची सूत्रे पुन्हा तशाच एका लहान बॅटरीच्या हाती!

चालत्या गाडीत ही बॅटरी कोण भरते? पेट्रोलच्या गाडीत अल्टरनेटर; विजेच्या गाडीत डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो मुख्य बॅटरीचा मोठा दाब उतरवून बारा व्होल्टच्या जाळ्याला पुरवतो. पण ‘रेडी’ लागलेला असतानाच, किंवा चार्जिंग चालू असताना. गाडी अर्धवट चालू ठेवून, म्हणजे ब्रेक न दाबता नुसते बटण दाबून, गाणी ऐकत बसणारे लोक नेमके याच ठिकाणी चुकतात : तेव्हा कॉन्टॅक्टर बसलेले नसतात आणि सारा भार धाकटीवर पडत राहतो. हा कन्व्हर्टरच नादुरुस्त झाला, तर नवी बॅटरी बसवूनही दोन दिवसांत पुन्हा टकटक सुरू होते. ही शक्यता काल्पनिक नाही. ह्युंदाईने जून २०२४ मध्ये भारतातील १,७४४ आयोनिक-५ गाड्या परत बोलावल्या, त्या याच कारणासाठी. चार्जर आणि कन्व्हर्टर एकत्र असलेल्या ‘आयसीसीयू’ नावाच्या भागातील दोषामुळे बारा व्होल्टची बॅटरी भरली जाणे थांबू शकत होते. पुढच्याच महिन्यात कियाने १,१३८ ईव्ही-६ गाड्यांसाठी तसेच केले. आपली गाडी अशा यादीत आहे का, हे तिच्या चेसिस क्रमांकावरून कंपनीकडे विचारता येते. लांबच्या प्रवासाआधी ते विचारलेले बरे.

मग बैहरचा आणि या टकटकीचा संबंध काय? संबंध हवामानाचा आहे. शिशाच्या बॅटरीला मारक ठरते ती उष्णता. थंडी फक्त तिचे मरण उघड करते. गोव्याच्या दमट उकाड्यात, खाऱ्या वाऱ्यात, बॅटरीच्या पट्ट्या हळूहळू गंजतात, टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते, क्षमता दरवर्षी थोडी थोडी घटत जाते. पण गाडी रोज पणजी-म्हापसा फिरते, रोज भरली जाते आणि पहाटही उबदारच असते, म्हणून काही जाणवत नाही. तीच तीन-चार वर्षांची बॅटरी डिसेंबर-जानेवारीत कान्हाच्या परिसरात गेली की हिशेब बदलतो. तिथे पहाटेचा पारा शून्याजवळ उतरतो, कुरणातील गवतावर दव गोठते. शून्य अंशाला शिशाच्या बॅटरीची क्षमता तशीही पंधरा-वीस टक्क्यांनी आक्रसते. त्यात पर्यटकाचा दिनक्रम असा, की जंगलात फिरायचे ते उद्यानाच्या परवान्याच्या जिप्सीतून. स्वतःची गाडी तीन-तीन दिवस निवासाच्या आवारात उभी. उभ्या गाडीतही चोरीविरोधी यंत्रणा आणि मोबाइलशी जोडलेले उपकरण जागेच असते. जाळे क्षीण असेल तिथे ते संपर्क शोधत राहते आणि वीज जास्त खाते. त्यात कोणी बाहेरून डॅशकॅम जोडलेला असेल, किंवा चावी गाडीशेजारच्याच खोलीत ठेवून गाडीला वारंवार जाग आणत असेल, तर तिसऱ्या पहाटे टकटक ऐकू आली याचे नवल वाटू नये.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर वीजतंत्र्यांकडे असतोच. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, काहीही सुरू न करता, बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब मोजावा. साधारण १२.६ व्होल्ट असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर ती रिकामी होत आली आहे. मग गाडी ‘रेडी’ करून पुन्हा मोजावे : आता साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसले पाहिजे. न दिसल्यास बॅटरी निर्दोष, कन्व्हर्टर संशयित. (काही गाड्यांत कन्व्हर्टर गरजेपुरताच वर चढतो, म्हणून पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.) टोकांवरील भुकटी आणि सैल नट हे दोन गुन्हेगार तर डोळ्यांनीच सापडतात, आणि माझ्या मते प्रवासाला निघण्यापूर्वी बॉनेट उघडून एवढे न पाहणे हा निव्वळ आळस आहे.

बैहरसारख्या गावात टकटक ऐकू आली तर? विजेच्या गाडीचा तंत्रज्ञ तिथे सापडणे कठीण. बालाघाट शहर सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, मध्ये घाट आणि जंगल. पण घाबरण्याचे कारण नाही, कारण बारा व्होल्ट सर्वत्र बारा व्होल्टच असतात. ट्रॅक्टर-मोटारसायकलींच्या बॅटऱ्या भरून देणारा कारागीर लहान गावातही असतो, आणि त्याची विद्या इथे पुरेशी आहे. डिकीही उघडत नसेल, तर रिमोटच्या पोटात दडवलेली धातूची चावी काढून दार उघडावे. पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, भरलेल्या सुट्या बॅटरीची किंवा खिशात मावणाऱ्या जंप-स्टार्टरची लाल तार धन टोकाला आणि काळी तार नेमून दिलेल्या धातूच्या भागाला लावावी. स्टार्टर फिरवायचा नसल्यामुळे मदत फार लागत नाही. कॉन्टॅक्टर एकदा नीट बसले की कन्व्हर्टर पुढचे सांभाळतो. ‘रेडी’ लागल्यावर तारा काढाव्यात आणि गाडी तासभर तशीच चालू ठेवावी. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी तीच गत असेल, तर बॅटरी बदलण्याला पर्याय नाही.

तीन गोष्टी मात्र करू नयेत. ट्रकची बॅटरी जोडू नये. बहुतेक मोठ्या ट्रकांचे जाळे चोवीस व्होल्टचे असते, आणि मलाजखंडच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मदतीला थांबणारे वाहन ट्रकच असण्याची शक्यता अधिक. दुसरे, काही कंपन्यांच्या नव्या गाड्यांत बारा व्होल्टची बॅटरीही लिथियमची असते. तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये. तिसरे, आपल्या विजेच्या मोटारीवरून दुसऱ्याची पेट्रोलची गाडी सुरू करून देण्याचे औदार्य टाळावे. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा झटका कन्व्हर्टरला पेलण्यासारखा नसतो. आणि नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

मलाजखंडचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. बैहरपासून फार दूर नसलेली ही हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण १९८२ पासून चालते आणि देशातील सर्वांत महत्त्वाच्या तांब्याच्या साठ्यांत तिची गणना होते. विजेच्या एका मोटारीत ८० किलोच्या आसपास तांबे लागते, पेट्रोलच्या गाडीच्या तिप्पट-चौपट. कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यात, बॅटरीतील पट्ट्यांत, मोटारीच्या गुंडाळ्यांत, सगळीकडे तेच. ज्या भूमीच्या पोटात हा धातू आहे तिथेच गाडी टकटकत उभी राहावी, यात थोडा विनोद आहे खरा.

आता दुसरा प्रकार. दिवे लख्ख आहेत, पडदा स्थिर आहे, एकच ‘टक्’ होते आणि फलकावर बिघाडाचा इशारा येतो. इथे बारा व्होल्टची बॅटरी बहुधा निर्दोष असते. केबलीचा एखादा सांधा नीट बसलेला नाही, कुठेतरी ओल शिरून वीज झिरपते आहे, कपॅसिटर ठरल्या वेळेत भरले नाहीत, किंवा कॉन्टॅक्टरच चिकटला अथवा झिजला आहे, असे तर्क करता येतात. पण ते तपासण्याचे काम आपले नव्हे. फोर्डने जून २०२२ मध्ये अमेरिकेत ४८,९२४ मस्टँग माख-ई गाड्या परत बोलावल्या, त्या कॉन्टॅक्टर तापून चिकटण्याच्या किंवा उघडण्याच्या भीतीने. जलद चार्जिंग आणि वारंवार पूर्ण वेगाने दामटणे यांमुळे खटक्यांवर ताण येत होता. अशा वेळी दोनदा प्रयत्न करून थांबावे. पुनःपुन्हा बटण दाबल्याने मधला रोधक तापत जातो, आणि बऱ्याच गाड्या काही प्रयत्नांनंतर स्वतःहून दार बंद करून घेतात.

चार्जिंग लावल्यावर भिंतीवरील पेटीतून येणारी ‘खट्… खट्…’ ही निराळीच. निवासस्थानाच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा संध्याकाळी दाब खाली गेला असेल, तर चार्जर जोडतो, तपासतो आणि सोडून देतो. दोष गाडीचा नसून वायरिंगचा. प्रवाह कमी करण्याची सोय असल्यास ती वापरावी. अर्थिंग नसल्याचा इशारा येत असेल तर तो चुकवण्याच्या युक्त्या करू नयेत.

गाडी सुरू झाली, पण उभ्या जागेवरून हलताना ‘कट्’ असा एकच आवाज आला, तर प्रश्न विजेचा नाही, लोखंडाचा आहे. मागे-पुढे दिशा बदलताना ब्रेकचे पॅड जागेत सरकून एकदा वाजतात, ते क्षम्य. विजेच्या मोटारीत पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे टोक बेअरिंगवर घासून वाजते. कारागीर ते सोडवून, साफ करून, ग्रीस लावून बसवतो. वळताना लयीत ‘कट-कट-कट’ येत असेल तर दांड्याच्या सांध्यावरचे रबरी आवरण फाटले आहे का ते पाहावे. जंगलातल्या खडीच्या वाटांवर हे घडते. आणि वेगाबरोबर वाढणारी टिकटिक ही कित्येकदा टायरच्या खाचेत अडकलेल्या खड्याची असते.

गाडी काही केल्या ‘रेडी’ होतच नसेल, तर ती दोरी बांधून ओढत नेऊ नये. चालती चाके जमिनीवर फिरली की मोटार जनित्र बनून वीज तयार करू लागते आणि इन्व्हर्टरला इजा होते. चारही चाके वर घेणारी सपाट गाडीच मागवावी, आणि ती घाट चढून येईपर्यंत फोनवर टकटकीचे ध्वनिमुद्रण व फलकावरील इशाऱ्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. कार्यशाळेत पोहोचेपर्यंत ऊन वर येते, बॅटरी थोडी सावरते, आणि तंत्रज्ञासमोर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होते. तेव्हा पुरावा असतो तो एवढाच.